दहा वर्षांच्या मुलाला इंटरनेटवरचं भलतंसलतं ओळखायला कसं शिकवायचं? की नेट बंदच करावं?

बंदी घालून बघितलीय, म्हणून सांगतो. नका घालू.

आमचं सोलापुरात चादरींचं दुकान आहे. पोरगी नऊ वर्षांची असताना तिच्या मोबाईलवर एक कार्टून बघितलं. पात्रं ओळखीची, रंग गोड, आणि आत त्याच पात्रांच्या पोटात सुया खुपसणं चाललेलं. मी मोबाईल हिसकावला, ओरडलो, महिनाभर बंद. मग दुपारी आजोबा झोपले की बाईसाहेब त्यांच्या मोबाईलवर. वर हिस्ट्री पुसून ठेवायची. हे तिला कुणी शिकवलं, सिद्धरामेश्वरालाच माहीत.

असले व्हिडिओ चुकून बनत नाहीत. २०१७ साली यूट्यूबवर ते ढिगाने सापडले, जगभर बोंब झाली, कंपनीने बरेच काढले. ओळखीचं कार्टून दिसलं की पोरं दाबतात, आणि बघितल्याचे जाहिरातीतून पैसे मिळतात, एवढंच त्यामागचं गणित. पोरांना हे गणित सांगितलं की कळतं. आपणच सांगत नाही.

मला ते सांगायची वाट दुकानात सापडली. एक गिऱ्हाईक दुसरीकडून घेतलेली 'सोलापुरी' चादर घेऊन आलं, दोन धुण्यांत रंग गेला म्हणून. बाहेरचा माल सोलापुरी म्हणून खपवतात, ही आमची जुनी डोकेदुखी. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळून इतकी वर्षं झाली तरी सुटलेली नाही. पोरगी गल्ल्याशेजारी बसलेली. तिला म्हटलं, उलटून बघ. आपल्या जॅकार्ड मागावर विणलेल्या चादरीची नक्षी मागेही असते, फक्त रंग उलटे. त्या चादरीची पाठ पांढरट, नुसता छापा.

रात्री तोच व्हिडिओ मी तिच्यासमोर लावला, आवाज बंद करून. म्हटलं, आता हा उलट. कसा उलटायचा? चॅनेलच्या नावावर बोट ठेवलं. नाव म्हणजे अक्षरांची खिचडी. खाली शंभरेक व्हिडिओ, सगळ्यांवर तेच मोठे डोळे, तेच रक्त. ती म्हणाली, "पप्पा, ह्याच्या दुकानात एकच डिझाईन आहे की!" त्यानंतर तो व्हिडिओ तिने स्वतःहून कधी लावला नाही.

पण सगळंच उलटून बघायचं नसतं. उघडेनागडे फोटो, मारहाण, अनोळखी माणसाचा 'तुझा फोटो पाठव' असा मेसेज, यावर विचार करत बसायचं नाही. पोटात कसंतरी झालं की मोबाईल पालथा टाकायचा आणि घरात सांगायचं. आणि सांगितल्यावर आपण ओरडायचं नाही. हे लिहायला सोपं आहे. पोरगी पहिल्यांदा सांगायला आली तेव्हा मी दात आवळून "बरं, कुणी पाठवलं?" एवढंच विचारलं, मग गच्चीवर जाऊन दोन फेऱ्या मारल्या.

एक चूक मात्र मोठी माणसंच करतात. 'बघा काय चाललंय' म्हणत तसली क्लिप पालकांच्या ग्रुपवर टाकतात. त्यात लहान मुलाचं अश्लील चित्रण असेल तर पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर अशा क्लिपची नाव न देताही तक्रार करता येते. मूल अडचणीत असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा.

कुलूपं लावाच. यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड लावा, त्याने कमेंट्सही झाकल्या जातात. पण तो एका मोबाईलवर लावला म्हणून दुसऱ्यावर लागत नाही, तेव्हा आजोबांचा मोबाईल विसरू नका. पोरांच्या मोबाईलवर लक्ष ठेवायचं गूगलचं फॅमिली लिंक हे ॲपही बरं आहे.

परवा आमच्या वडिलांना व्हॉट्सॲपवर कसलातरी रामबाण काढा आला. ते मोठ्याने वाचायला लागले तर पोरगी म्हणाली, "आजोबा, आधी उलटून बघा की."

त्यांनी मोबाईल उलटा केला आणि कव्हर निरखत बसले.