डेटाबेसचं पुस्तक घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : एका नागरी सहकारी बँकेत नुकताच ज्युनिअर डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणून लागलो आहे. आमच्याकडे ओरॅकल डेटाबेसची १९सी ही आवृत्ती आहे. निवृत्त होताना आमच्या सरांनी त्यांचं नाइन-आय या जुन्या आवृत्तीच्या काळातलं जाडजूड पुस्तक मला दिलं. तेच वाचू की नवीन घेऊ? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : वाचा, पण हातात पेन्सिल ठेवून. त्या पुस्तकातला मोठा भाग अजून खरा आहे. कमिट (बदल कायम करणं) पूर्ण होण्याआधी रिडू लॉग (बदलांची नोंद) डिस्कवर का लिहावा लागतो, अनडूच्या (जुन्या मूल्यांच्या नोंदीच्या) आधारे चालू क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) तिच्या सुरुवातीच्या क्षणाचाच डेटा कसा दिसतो, आर्काइव्ह लॉग (रिडूच्या जपून ठेवलेल्या प्रती) नसतील तर कालच्या बॅकअपच्या पुढे का जाता येत नाही, हे सगळं तेव्हा होतं तसंच १९सीमध्येही आहे. हे भाग दोनदा वाचा.

आवृत्तीशी बांधलेल्या पानांवर मात्र खूण करा. ठरलेल्या नियमांवरून क्वेरीची वाट निवडणाऱ्या रूल-बेस्ड ऑप्टिमायझरचा आधार टेन-जी या पुढच्या आवृत्तीपासूनच काढून घेतला गेला. डेटा बाहेर काढायच्या आणि भरायच्या जुन्या एक्स्पोर्ट-इम्पोर्टची जागा डेटा पंपने घेतली. २०१३ मध्ये १२सीबरोबर मल्टिटेनंट रचना (एका मोठ्या डेटाबेसच्या पोटात अनेक डेटाबेस) आली, त्यामुळे सीडीबी-पीडीबीचा (त्या बाहेरच्या आणि आतल्या डेटाबेसांचा) तुमच्या पुस्तकात उल्लेखही नसेल. कामगिरीचे आकडे गोळा करणाऱ्या स्टॅट्सपॅकचं प्रकरण मात्र जुनं म्हणून सोडू नका. त्याच कामाचं नवं साधन एडब्ल्यूआर वापरायला एंटरप्राइझ एडिशनवर डायग्नोस्टिक्स पॅकचा वेगळा परवाना लागतो. तुमची बँक स्टँडर्ड एडिशनवर असेल तर स्टॅट्सपॅकच कामाला येईल.

सर्वांत जास्त सावध राहायचं ते ठोकताळ्यांपासून. ‘बफर कॅशे हिट रेशो (डिस्कवर न जाता मेमरीतूनच भागलेल्या वाचनांचं प्रमाण) ९० टक्क्यांच्या वर ठेवा’, ‘दर आठवड्याला इंडेक्स (शोध लवकर व्हावा म्हणून ठेवलेली सूची) रीबिल्ड करा’ असे सल्ले त्या काळात सर्रास दिले जात. एखादी वाईट क्वेरी तेच ब्लॉक मेमरीतून लाखो वेळा वाचत राहिली, तरी हिट रेशो सुंदरच दिसतो. शाखेत काउंटरपुढे मात्र रांग वाढत असते.

नवीन घ्यायचं तर टॉम काइट यांचं ‘एक्स्पर्ट ओरॅकल डेटाबेस आर्किटेक्चर’ घ्या. तिसरी आवृत्ती २०१४ ची आहे, डार्ल कून सहलेखक आहेत. तीही आता जुनीच, तरी मी तिचं नाव आवर्जून घेतो. या पुस्तकात विधान केलं की लगेच ते सिद्ध करणारी छोटी स्क्रिप्ट येते. ती तुम्ही १९सीच्या टेस्ट सर्व्हरवर चालवा. उत्तर बदललं असेल तर तिथेच कळेल, आणि ‘दाखव, मग मानतो’ ही सवय लागेल. बॅकअप-रिकव्हरीसाठी बाहेरचं पुस्तक घेऊच नका. ओरॅकलची १९सीची स्वतःची मार्गदर्शिका मोफत आहे आणि रिस्टोअर करताना फक्त तीच उघडावी.

प्रश्न : अप्पा बळवंत चौकात ‘हाय परफॉर्मन्स मायएसक्यूएल’ची तिसरी आवृत्ती स्वस्तात मिळते आहे. चौथी महाग आणि पानांनी बरीच कमी. जाड पुस्तकात जास्त माहिती असेल ना? (पुण्याहून एक डेव्हलपर)

उत्तर : तिसरी २०१२ ची, मायएसक्यूएल ५.५ च्या काळातली. चौथी २०२१ ची, ८.० साठीची. दोन्हींचे लेखकही वेगळे आहेत. तिसऱ्या आवृत्तीत क्वेरी कॅशेवर (एकदा काढलेलं उत्तर साठवून पुन्हा देण्याच्या सोयीवर) बरीच पानं खर्च झाली आहेत आणि ८.० मधून क्वेरी कॅशे पूर्णच काढून टाकला आहे. जॉइन (दोन टेबलं जोडणं) म्हणजे नेस्टेड लूप (एकातल्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात शोध), हे तिथलं गृहीतकही ८.०.१८ मध्ये हॅश जॉइन ही दुसरी पद्धत आल्यावर अपुरं पडतं. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी चालवून वेळ कुठे गेला ते दाखवणारी आज्ञा) त्याच आवृत्तीत आलं. विंडो फंक्शन्स (ओळी एकत्र न गुंडाळता गटाची गणितं) आणि सीटीई (क्वेरीतच नाव दिलेली तात्पुरती क्वेरी) हीही ८.० मधलीच. चौथी आवृत्ती रोजचा कारभार, क्लाउड, देखरेख यांकडे जास्त झुकते.

माझा कौल चौथीला. पण इनोडीबीचं (मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या भागाचं) पोट आणि इंडेक्स सविस्तर समजून घ्यायचे असतील आणि जुनी प्रत खरंच स्वस्त मिळत असेल, तर दुसरं पुस्तक म्हणून तिसरीही जवळ ठेवा. सर्व्हरची सेटिंग्ज मात्र तिच्यातून उचलू नका.

प्रश्न : आमच्या टीममध्ये सहा डेव्हलपर आणि एकच डीबीए. कंपनी एका पुस्तकाचे पैसे देणार आहे. दोघांनाही चालेल असं कोणतं? पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरतो. (ठाण्याहून एक टीम लीड)

उत्तर : डीबीएला हवं असतं व्हॅक्यूम (मागे राहिलेल्या जुन्या ओळींची सफाई), डब्ल्यूएएल (बदलांची आधी लिहिलेली नोंद), रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर प्रत), रिकव्हरी. डेव्हलपरला हवं असतं आपली क्वेरी मंद का आणि दोन वापरकर्ते एकाच ओळीवर आले की काय होतं, याचं उत्तर. दोघांची गाठ पडते ती इंडेक्सपाशी, आणि भांडणंही तिथेच होतात. म्हणून मार्कुस विनांड यांचं ‘एसक्यूएल परफॉर्मन्स एक्सप्लेन्ड’ घ्या. छोटं आहे, २०१२ चं आहे, पण बी-ट्री (इंडेक्सची नेहमीची रचना) बदललेला नाही. संयुक्त इंडेक्समध्ये कॉलमांचा क्रम का महत्त्वाचा, व्हेअरमध्ये (क्वेरीच्या अटीत) कॉलमवर फंक्शन लावलं की इंडेक्स का वाया जातो, ऑफसेट (सुरुवातीच्या अमुक ओळी सोडणं) वापरून पानं उलटत गेलं की पुढची पानं मंद का होतात, हे इतकं नेमकं दुसरीकडे क्वचितच सापडतं. इंडेक्स ठरवणं हे डेव्हलपरचं काम आहे, असं लेखक ठामपणे मांडतो आणि मला ते पटतं. डेटा कुठल्या वाटेने मागितला जाणार, हे कोड लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

आणखी एक गोष्ट टीमला वाचायला लावा. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजाचं १३ वं प्रकरण समांतर व्यवहारांवर आहे आणि ते मोफत आहे. पोस्टग्रेस आणि ओरॅकल मुळात रीड कमिटेड पातळीवर (प्रत्येक क्वेरीला तोवर कायम झालेला डेटा दिसतो) चालतात, मायएसक्यूएलचं इनोडीबी रिपीटेबल रीडवर (पूर्ण व्यवहारभर पहिल्या वाचनाच्या क्षणाचाच डेटा दिसतो). तुमच्यापैकी कोणी मायएसक्यूएलमधून आलं असेल, तर तोच कोड इथे वेगळा वागेल. आधी शिल्लक वाचायची आणि मग अपडेट करायची, अशा कोडमधल्या चुका टेस्टिंगमध्ये सहसा दिसत नाहीत. महिनाअखेरीच्या गर्दीत त्या वर येतात.

डीबीएसाठी वेगळे पैसे मागू नका. येगोर रोगोव यांचं पोस्टग्रेस १४ च्या अंतरंगावरचं पुस्तक पोस्टग्रेस प्रोफेशनल या कंपनीने पीडीएफ रूपात मोफत दिलं आहे. अपडेट केल्यावर जुनी ओळ तशीच का मागे राहते, ट्रान्झॅक्शन आयडी ३२ बिटांचा असल्यामुळे फ्रीझ (ओळ कायमची जुनी म्हणून खूण करणं) का करावं लागतं, हे समजलं की ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारी सफाई) बंद करायचा मोह कधी होणार नाही.

प्रश्न : बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. ‘डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स’ फार जड जातं. सोपं गाइड घेऊ का? (लातूरहून एक विद्यार्थिनी)

उत्तर : परीक्षेपुरतं गाइड घे, पण हे पुस्तक सोडू नकोस. त्याच्या तीन लेखकांपैकी एक, एस. सुदर्शन, आयआयटी मुंबईत प्राध्यापक आहेत. सातवी आवृत्ती २०१९ ची आहे. सहाव्या आवृत्तीपासून त्यात विद्यार्थी, विभाग, अभ्यासक्रम असं विद्यापीठाचं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवलं आहे. ते तुला ओळखीचंच वाटेल. क्रमाने वाचायची सक्ती नाही. आधी एसक्यूएलची प्रकरणं घे, तीच टेबलं स्वतःच्या मशीनवर बनव, प्रत्येक क्वेरी चालवून बघ. मग नॉर्मलायझेशन, मग ट्रान्झॅक्शन. रिलेशनल कॅल्क्युलस शेवटी ठेवलंस तरी चालेल. डीबी-बुक डॉट कॉम या पुस्तकाच्या साइटवर स्लाइड्स आणि सरावाच्या प्रश्नांची उत्तरं मोफत आहेत. स्लाइड्सचं इंग्रजी पुस्तकापेक्षा खूप आटोपशीर असतं, म्हणून प्रत्येक प्रकरण स्लाइड्सपासूनच सुरू कर.

प्रश्न : सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर मिळतात. मग विकत का घ्यायची? (एक वाचक)

उत्तर : त्या पायरेटेड प्रती आहेत. अशी पुस्तकं लिहायला लेखकांची वर्षं जातात, म्हणून मी त्या सुचवणार नाही. शिवाय तिथे फिरणाऱ्या प्रती बहुतेकदा एक-दोन आवृत्त्या मागच्या असतात आणि वर सांगितलेला सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. खर्चाची अडचण असेल तर ओरायलीच्या अनेक पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या मुंबईचे श्रॉफ पब्लिशर्स काढतात, त्या परदेशी प्रतीपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. विकत घेताना पुस्तक डेटाबेसच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलं आहे, ते आपल्या सर्व्हरच्या आवृत्तीशी ताडून बघा.