एकाने विचारलंय: वडिलांना हार्ट अटॅक आलाय, नाशिकलाच स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकणार आहेत. डॉक्टर म्हणतात हृदयाची नस आतून बघू, पण बिल वाढेल. गरज आहे का?

माझं मत: सोय असेल तर नाही म्हणू नका. अँजिओग्राफीत फक्त डायची (नसेत सोडलेल्या, एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवाची) सावली दिसते, नसेची भिंत दिसत नाही. अटॅकच्या वेळी नस आकसलेली असते, आत गुठळी असते; त्यामुळे नजरेच्या अंदाजाने स्टेंट लहान निवडला जाऊ शकतो. तो भिंतीला नीट टेकला नाही तर पुन्हा गुठळी व्हायची भीती.

नस आतून बघायच्या दोन पद्धती आहेत: आयव्हीयूएस ध्वनिलहरींनी बघतं, ओसीटी प्रकाशाने. ओसीटी फार बारीक दाखवतं, 10 ते 20 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण त्यासाठी जास्तीचा डाय सोडावा लागतो. वडिलांची किडनी नाजूक असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग आयव्हीयूएस बरं. डाव्या मुख्य धमनीत किंवा गुंतागुंतीच्या ब्लॉकमध्ये तर 2025 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांतही असं आतून बघण्याची ठाम शिफारस आहे.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांना कळकळीने सांगतो: सिन्नर-त्र्यंबकहून पेशंट आणताना ही मशीन कुठे आहे ते शोधत बसू नका, आधी नस उघडू द्या.

खर्च मुख्यतः कॅथेटरचा (नसेत घालायच्या बारीक नळीचा) असतो. तो पॅकेजमध्ये धरलाय का, तेवढं आत्ताच विचारून घ्या.