संगीत शिक्षणाची मासिके कशी सुरू झाली आणि कशी बदलत गेली?

संगीताचे विद्यार्थी आणि शिक्षक या दोघांसाठी निघणाऱ्या मासिकांची वाटचाल कशी झाली, असे आपण विचारले आहे. मी गेली २२ वर्षे गायन शिकवतो आणि दर सत्रात काही मुलांना परीक्षेला बसवतो, म्हणून हिंदुस्थानी संगीतापुरतेच, जवळून पाहिलेले लिहितो.

या मासिकांचे मूळ संगीत विद्यालयांत आहे. घराण्याच्या तालमीत कागदाला जागा नव्हती. चीज, म्हणजे रागात बांधलेले गीत, गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात जायची, आणि कित्येकदा तिचा पहिला भाग, अस्ताई, मिळाली तरी दुसऱ्या भागासाठी, अंतऱ्यासाठी, वर्षभर थांबावे लागे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा वर्ग भरवायचा म्हणजे क्रमिक पुस्तके हवीत आणि पुस्तकांसाठी स्वरलिपी, म्हणजे स्वर कागदावर लिहिण्याची पद्धत, हवी, हे ओघानेच आले. त्याच दशकात त्यांनी ‘संगीतामृत प्रवाह’ हे हिंदी मासिक सुरू केले. इकडे मुंबईत संगीताचे अभ्यासक पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी आपली वेगळी स्वरलिपी सिद्ध केली आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिला. १९३५ पासून हाथरसहून निघणाऱ्या ‘संगीत’ मासिकाने एकेका विषयाला वाहिलेले विशेषांक काढले आणि जिथे शिक्षक नव्हता अशा गावांतही छापील चिजा पोहोचवल्या.

सुरुवातीच्या या काळात मासिकाचे मुख्य काम स्वरलिपी छापणे हेच होते, आणि ते दिसते त्यापेक्षा फार नाजूक काम आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू असला तर तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र, म्हणजे खालचे सप्तक दाखवतो. दोन्ही पद्धतींची मासिके चाळणारा नवखा विद्यार्थी इथे हमखास फसतो. माझ्या गुरुजींकडे एका मासिकाचे बांधीव अंक होते. त्यांतल्या बागेश्री रागाच्या एका चिजेत गंधाराखालची, स्वर कोमल असल्याचे दाखवणारी आडवी रेघ छापायची राहून गेली होती. गुरुजींनी ती पेन्सिलीने ओढली होती आणि समासात ‘रेघ गेली, रागेश्री झाली’ एवढेच लिहिले होते. बागेश्रीचा गंधार शुद्ध केला की रागाची चाल रागेश्री या दुसऱ्या रागाकडे झुकते, हे मला त्या समासाने जितके पक्के शिकवले तितके कोणत्याही व्याख्येने शिकवले नाही.

खरा बदल मात्र स्वातंत्र्यानंतरच्या काळात झाला, असे माझे मत आहे. पलुस्करांचे १९३१ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि पुढे या मंडळाचे ‘संगीत कला विहार’ हे मासिक निघू लागले. त्याच्या संपादनाची धुरा प्रा. बी. आर. देवधर यांनी दीर्घकाळ वाहिली. देवधर मूळचे मिरजेचे, पलुस्करांचे शिष्य, आणि कुमार गंधर्वांचे गुरू. ज्या गवयाकडे काही वेगळे आहे असे वाटे त्याच्याकडे ते घराण्याचा मुलाहिजा न ठेवता जात, त्याला बोलते करत आणि मग त्याच्याविषयी लिहीत. त्यांचे हे लेख या मासिकातून आले आणि नंतर ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात संकलित झाले. कोण कसा रियाज करायचा, कोणाची तालीम कशी झाली, आवाज कसा राखला, हे त्यांत आहे. चीज कशी गायची एवढेच सांगणारे मासिक, गाणारा माणूस कसा घडतो हे सांगू लागले, आणि त्यामुळे शिक्षकालाही त्यात वाचण्याजोगे काही मिळू लागले.

परीक्षांचा परिणाम मात्र दुहेरी झाला. मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारापर्यंतच्या परीक्षा गावोगावच्या केंद्रांवर होऊ लागल्या. जिथे संगीताचे ग्रंथालय नाही तिथल्या मुलाला रागांची तुलना, तालांचे लेखन आणि कलावंतांची चरित्रे मासिकातूनच मिळत. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण अशी मासिके चाळताना असेही लेख भेटतात की ज्यांत जन्मसाल, गुरूंची नावे आणि पुरस्कार यांपलीकडे काहीच नसते. विशारदच्या उत्तरपत्रिकेत त्यांना गुण मिळतात, पण त्या गायकाची एकही जागा, एकही खास स्वराकृती, विद्यार्थ्याच्या कानात राहत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

कॅसेट आल्या आणि आता तर फोनवर हवी ती बंदीश चार गवयांकडून ऐकता येते, त्यामुळे स्वरलिपी पुरवण्याचे जुने काम जवळजवळ संपले आहे. शिक्षकांचा अनुभव छापण्याचे काम तेवढेच उरले आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो, तेव्हा त्याला गाणे थांबवायला सांगावे की पट्टी उतरवून मंद्र-मध्यातच हलके गाऊ द्यावे? पेटीच्या काळी पाच या उंच पट्टीत गाणाऱ्या मुली आणि काळी एक या खालच्या पट्टीचे मुलगे एकाच वर्गात असतील तर तंबोरा कशात लावावा? असे प्रश्न दर आठवड्याला माझ्यासमोर येतात, आणि त्यांवर शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिलेले फारच थोडे हाती लागते.

आपल्याला या विषयात पुढे वाचायचे असेल, तर देवधरांच्या लेखांपासून सुरुवात करा आणि जुन्या विद्यालयांकडे बांधीव अंक आहेत का, याची चौकशी करा. अंक मिळालेच तर समासातल्या पेन्सिलीच्या खुणाही वाचा. त्या कोणा ना कोणा शिक्षकाच्या आहेत.