मागं माणसं बसली की डिझायरचं बूड घासतं, शॉकअप बदलू का?

तुमचा प्रश्न असा: 2014 ची डिझायर आहे, मागं तिघं आणि डिकीत सामान असलं की गावातल्या स्पीडब्रेकरला बूड घासतं. शॉकअप कोणत्या कंपनीचे घेऊ, घरी बसतील का, आणि सोबत स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकू का?

शॉकअप गाडी उचलत नाही. कंपनीचं नंतर बघू. ओझं पेलते ती स्प्रिंग, शॉकअप तिची उसळी आवरतो. दोन्ही शॉकअप काढून ठेवले तरी उभ्या गाडीची उंची जवळपास तेवढीच राहते. त्यामुळं नुसते नवे शॉकअप टाकून बूड घासायचं थांबणार नाही. फार तर एकदा आपटून परत आपटायचं थांबेल.

आता बफर. हे टायरच्या दुकानात पाच मिनिटांत बसतं, गाडी लगेच उंच दिसते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मी बघितलेली एक डिझायर पाच माणसं घेऊन तुळजापूरला जाऊन आलेली. तक्रार एवढीच, की वळणावर मागं डावीकडं 'टुण्ण' वाजतं. बाहेरून काही दिसेना. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत टेप लावला तर डावी बाजू उजवीपेक्षा 12 मिमी खाली. बफर काढला आणि स्प्रिंगचा तुकडाच हातात आला. बफरच्या खालच्या कडेलाच वेढा तुटला होता, रबरानं तो धरून ठेवला होता म्हणून कळत नव्हतं. तुटलेलं तोंड अर्धं तांबूस, अर्धं चकचकीत. म्हणजे अर्धी चीर जुनी, तिच्यात पाणी जाऊन गंजलेली, आणि उरलेलं त्या प्रवासात गेलं.

असं का होतं? आपल्याकडची काळी माती पावसात लोण्यासारखी चिकटते. बफर आणि स्प्रिंगची तार यांच्या फटीत ती जाऊन बसते, वाळली तरी आत ओल धरते. वर बफर हलून हलून तारेचा रंग घासतो. तिथं गंजाचा खड्डा पडतो, खड्ड्यातून चीर निघते. त्यात स्प्रिंगचे सहा वेढे काम करत असतील तर बफरनं एक अडकवल्यावर पाचच उरतात. स्प्रिंग 20 टक्के कडक झाली, पण रस्त्यावरचा तोच खड्डा आता पाच वेढ्यांनी पिळून घ्यायचा.

त्यापेक्षा स्प्रिंगच बदला. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. वेढे आणि वेढ्याचा व्यास तेच ठेवून तार 11 ची 12 मिमी केली तरी स्प्रिंग 42 टक्के कडक. म्हणून 'जरा जाड' म्हणत कुठलीही आणू नका, रिकामी गाडी मागं उड्या मारायला लागेल. कंपनीतूनच सीएनजी येणाऱ्या (म्हणजे डिकीत टाकीचं ओझं असणाऱ्या) त्याच पिढीच्या मॉडेलची मागची स्प्रिंग वेगळ्या पार्ट नंबरची असेल तर ती विचारा. नसेल तर मूळचीच नवी जोडी टाका. एकच बाजू कधीच नाही.

घरी होतं का? होतं. या गाडीला मागं टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा आहे, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे, म्हणून स्प्रिंग दाबायचं हत्यार लागत नाही. फरशीवर गाडी घ्या, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, चाकाचे नट जमिनीवरच सैल करा. दोन्ही बाजूंना जॅक स्टँड. विटा नाही, विटेचा भुगा होतो. दुसरा जॅक बीमखाली. ब्रेकच्या नळीचे आणि हँडब्रेकच्या वायरचे क्लिप आधी सोडा, एबीएसची वायर असेल तर तीही, नाहीतर बीम खाली जाताना ताणतील. मग दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम हळूहळू उतरवा. स्प्रिंग हातानं निघते. खालची रबरी गादी धुऊन घ्या, माती तिथंच साचते. नवी बसवताना स्प्रिंगचं टोक गादीतल्या पायरीला टेकलंच पाहिजे.

बंप स्टॉप, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा, तोही बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत त्याचा चुरा झालेला असतो आणि आपटायचा आवाज तिथूनच येत असतो. स्वस्त भाग आहे, बदलूनच टाका.

शॉकअप घेतलेच तर बसवायच्या आधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, आडवे पडून आतली हवा तेलात शिरलेली असते. वरचा नट फिरवताना दांडा फिरतो, पण त्याला पक्कडनं धरू नका. ओरखडा पडला की ऑइल सील गेलं. खालचा बोल्ट आधी हातानं लावा आणि गाडी चाकांवर उतरल्यावरच आवळा. हवेत लटकत असताना आवळला तर बोल्टभोवतीचा रबरी बुश पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. 'शॉकअपच खराब आले' म्हणून जे परत येतात, त्यातले बरेच याच चुकीचे असतात. म्हणून कंपनीवर मी वाद घालत नाही. ओरिजिनल घ्या, नाहीतर पक्क्या बिलाचे कुठलेही चांगले.

बसवून झाल्यावर हेडलाइटची पातळी बघा. आणि जुन्या, एबीएस नसलेल्या काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह दांडीनं ॲक्सलला जोडलेला असतो. मागची उंची वाढली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तुमच्या गाडीखाली तशी दांडी दिसली तर उंची वाढवू नका.

एक राहिलं. स्प्रिंग कडक केली म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. बेअरिंग, टायर, ब्रेक तेच आहेत. भरल्या गाडीला टायरची हवा दाराच्या स्टिकरवर दिलेली असते, ती तरी भरता का ते आधी बघा. आणि बफर आधीच बसवलेला असेल तर आजच काढून त्याखालची तार कापडानं पुसून बघा, तांबूस रेघ दिसली तर तीच स्प्रिंग परत लावू नका.