काजूबागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेताय?

तीन-चार एकर काजू आणि घरापर्यंतचा मातीचा रस्ता, एवढ्यासाठी पन्नास एचपीच्या नादाला लागू नका. २० ते २८ एचपी पुष्कळ. पण फोर व्हील ड्राइव्हच घ्या, तिथे काटकसर नको. जून ते सप्टेंबर आपली तांबडी माती साबणासारखी होते. माझा पहिला टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर उतारावर आडवा सरकला, तेव्हा कुठे डोळे उघडले. महिंद्रा जिवो २४५, कुबोटा बी२४४१ हे २४ एचपीचे, अरुंद. झाडांच्या ओळींतून सहज जातात.

मात्र इंजिनाच्या आकड्याला भुलू नका. पीटीओला, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या दांड्याला, किती ताकद मिळते ते विचारा, गवत कापणारा स्लॅशर त्यावरच फिरतो. चार फुटी पुरे. कापण्याआधी बाग पायी फिरून बघा. पात्याखाली आलेला जांभ्याचा खडा गोळीसारखा सुटतो, जवळपास पोरंबाळं नकोत.

रस्त्यासाठी मागे लावायचं पातं घ्या. काम मे महिन्यातच उरका: मधे उंचवटा, कडेला पाण्याला वाट. भर पावसात ओढलात तर नुसता चिखल.

आणि फांद्यांना अडतो म्हणून रोलबार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, काढून ठेवतात काही जण. फांद्या छाटा हो!