पैसा झाला, पंगतीत कोण बसवणार?

यावेळी टपालात एकाच विषयाचे बरेच प्रश्न निघाले. कादंबऱ्या आणि पिक्चरमधला पैसा, मोठं व्हायची हाव आणि मग होणारा भ्रमनिरास. त्यातले चार घेतेय.

प्रश्न: ताई, लेखक आणि डायरेक्टर लोकांचं श्रीमंत माणसाशी काही वाकडं आहे का हो? ज्याच्याकडे पैसा तो शेवटी एकटा पडणार नाहीतर मरणार, हे ठरलेलंच. मला तर वाटतं गरिबाने आहे त्यात खूश राहावं म्हणून हे सगळं रचलंय. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: संशय अगदीच चुकीचा नाही, आपल्या हिंदी पिक्चरने हा माल फार वर्षं विकलाय. 'श्री ४२०' (१९५५) बघा, नर्गिसचं नाव विद्या आणि नादिराचं नाव माया, आता यात सस्पेन्स तो काय राहिला! पण त्याच पिक्चरमध्ये शेठ सोनाचंद धर्मानंद लोकांना शंभर रुपयांत घर देतो म्हणून पैसे गोळा करतो ना, तो भाग आजही बघवत नाही, ज्याने कधी फ्लॅट बुक करून ताब्यासाठी चकरा मारल्यात त्याला विचारा.

पण एक बघा, या गोष्टींमध्ये नेमका मरतो कोण? श्रीमंत माणूस मरतच नाही हो, मरतो तो नवीन श्रीमंत झालेला. फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५) या कादंबरीत शेवटी नवश्रीमंत गॅट्सबीला गोळी लागते, गॅरेजवाला विल्सन स्वतःला संपवतो, त्याची बायको मर्टल त्याआधीच गाडीखाली गेलेली असते. आणि गाडी चालवत होती डेझी, जिच्यावर गॅट्सबीचा जीव ती! ती आणि तिचा नवरा टॉम बॅगा भरून निघून जातात, त्यांच्या केसालाही धक्का नाही, कारण त्यांचा पैसा पिढीजात. म्हणजे तुम्ही म्हणता तसं 'श्रीमंतांना शिक्षा' वगैरे काही नाही, शिक्षा आहे ती बाहेरून येऊन पंगतीत पाट मांडू बघणाऱ्याला. मला तरी चांगल्या लेखकांचा राग पैशावर दिसत नाही, पंगतीवर दिसतो.

प्रश्न: मी सेकंड इयरला आहे, २०१३ चा गॅट्सबी बघितला, पार्ट्या एकदम कडक, डिकॅप्रिओ पण भारी, पण स्टोरी म्हणजे काय तर एका मुलीसाठी येडा झालेला माणूस. सगळे पुस्तक ग्रेट म्हणतात ते का? आणि अमिताभचा रोल इतका छोटा का? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: अमिताभचं आधी उरकते. त्याने केलेला वुल्फशाइम पुस्तकातही जेमतेमच येतो, माणसाच्या दाढांची कफलिंक्स घालणारा जुगारी, ज्याने १९१९ ची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज फिक्स केली असं गॅट्सबी सांगतो. पण हा छोटा माणूसच सगळ्या पैशाचं मूळ आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती आणि हे दोघं मेडिकलच्या दुकानांच्या आडून दारू विकत होते, तू बघितलेल्या त्या कडक पार्ट्या त्याच्यावर चालायच्या. आणि गॅट्सबी गेल्यावर अंत्यविधीला यायला हाच वुल्फशाइम चक्क नाही म्हणतो.

आता तुझा मुख्य प्रश्न. मुलीसाठी येडा म्हणतोस, पण येडा तो डेझी भेटायच्या कितीतरी आधीपासून आहे. पिक्चरमधून गॅट्सबीचा बापच कापलाय, आणि माझ्या मते अख्खं पुस्तक त्या बापात आहे. नॉर्थ डकोटाचा जेम्स गॅट्झ नावाचा गरीब शेतकऱ्याचा पोर सतराव्या वर्षी स्वतःचं नाव बदलून जे गॅट्सबी होतो, त्याचा हा म्हातारा बाप पेपरात बातमी वाचून पोराच्या मौतीला येतो. एक तर त्याच्या पाकिटात पोराच्या बंगल्याचा फोटो आहे, कोपरे फाटलेले, हजार वेळा लोकांना दाखवून मळलेला, आणि आता तो त्याच बंगल्यात उभा राहून तोच फोटो दाखवतोय! आणि दुसरं म्हणजे पोराचं लहानपणचं एक काऊबॉयचं पुस्तक, त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पोराने स्वतःचं टाइमटेबल लिहिलंय, तारीख १२ सप्टेंबर १९०६. सहाला उठायचं, सव्वासहाला डंबेल्स, मग विजेचा अभ्यास, साडेआठ ते साडेचार काम, संध्याकाळी बोलायची प्रॅक्टिस. खाली निश्चय लिहिलेत, तंबाखू बंद, एक दिवसाआड अंघोळ, आईवडिलांशी नीट वागायचं. आठवड्याला पाच डॉलर वाचवायचे असं लिहून ते खोडलंय आणि तीन केलंय. ते खोडलेलं पाच बघ. हे पोर लबाड नाहीये, प्रामाणिक हिशोब करणारं आहे, एमपीएससीवाल्या पोरांच्या भिंतीवर असतं तसलंच टाइमटेबल आहे ते. एवढं सगळं करून पुढे त्याला मार्ग सापडला तो दारूचा.

आणि हो, फिट्झजेराल्ड १९४० मध्ये ४४ व्या वर्षी गेला तेव्हा हे पुस्तक कोणी फारसं विचारत नव्हतं, महायुद्धात अमेरिकन सैनिकांना फुकट प्रती वाटल्या त्यानंतर ते वर आलं. नऊच प्रकरणं आहेत, परीक्षा झाली की वाच.

प्रश्न: 'सिटिझन केन' जगातला बेस्ट पिक्चर म्हणून बघायला बसलो, अर्ध्या तासात झोप लागली. माझं काही चुकलं का? (एक त्रस्त प्रेक्षक, ठाणे)

उत्तर: नाही चुकलं, सगळ्यांना सगळं आवडलंच पाहिजे असं कुठाय. १९४१ च्या या पिक्चरला ऑस्करलाही नऊ नॉमिनेशनं मिळून एकच हातात आलं, तेही पटकथेचं. फक्त एक सुचवते, नाश्त्याच्या टेबलाचा सीन तेवढा शोधून बघा. पेपरचा मालक असलेला हिरो केन आणि त्याची बायको, दोघांचा अख्खा संसार दोनतीन मिनिटांत संपतो, सुरुवातीला एकमेकांना खेटून बसलेले, शेवटी टेबलाच्या दोन टोकांना, आणि बायको नवऱ्याचा पेपर सोडून त्याच्या स्पर्धकाचा पेपर वाचतेय. केन मात्र गॅट्सबीच्या जातीचा नाही, त्याने पैशासाठी काहीच केलेलं नाही. त्याची आई खाणावळ चालवायची, एका भाडेकरूने थकलेल्या भाड्यात खाणीचे कागद दिले आणि त्या खाणीत सोनं निघालं, बस्स.

प्रश्न: माझा मुलगा कविता करतो, नोकरी सोडून मुंबईला जाऊन मीडियात नाव काढणार म्हणतो. मागे त्याने 'लॉस्ट इल्यूजन्स' नावाचा फ्रेंच पिक्चर बघितला आणि त्यावर तासभर बोलत होता. त्यात असं काय आहे? त्याला अडवू का? (एक आई, परभणी)

उत्तर: मावशी, पिक्चर २०२१ चा, त्याला सात सेझार म्हणजे फ्रेंच ऑस्करच म्हणा ना, ते मिळाले. पण गोष्ट फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकची, १८३७ ते १८४३ मध्ये तीन भागांत आलेली. लुसिअँ नावाचा गावाकडचा देखणा कवी पॅरिसला जातो आणि पेपरात घुसतो. तिथे त्याला शिकवतात की पुस्तक चांगलं की वाईट हा प्रश्नच नसतो, त्याला स्वतःला आवडलेल्या पुस्तकाला तो आधी झोडपतो, मग त्याच पुस्तकाचं कौतुक लिहितो. नाटकाला टाळ्या वाजवणारे भाड्याने, हुर्यो करणारेही भाड्याने. आत्ताचं पेड रिव्ह्यूचं वगैरे आपण बोलतो ना, त्यातलं नवीन फारसं काही नाही.

आता त्याची पंगत बघा. आईच्या माहेरचं नाव खानदानी, ते अधिकृतपणे लावायला राजाची परवानगी लागते. बडे लोक त्याला त्या नावाचं गाजर दाखवतात, तेवढ्यासाठी हा आपला पेपर सोडून राजाच्या बाजूच्या पेपरात जातो. मग जुने मित्र तुटून पडतात आणि बडे लोकही हात झटकतात. त्याच्यावर जीव टाकणारी नटी कोराली मरते तेव्हा तिच्या अंत्यविधीचे पैसे नसतात म्हणून हा तिच्या प्रेताशेजारी बसून दारूच्या बैठकीत म्हणायची चावट गाणी लिहितो. मला तो सीन दुसऱ्यांदा वाचवत नाही.

आणि पिक्चरचा सगळा भर पॅरिसवर आहे, म्हणून हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. पुस्तकात लुसिअँ आपल्या बहिणीच्या नवऱ्याची, दाविदची, खोटी सही करून हुंड्या, म्हणजे उधारीचे कागद, वटवतो. दाविद गावात छापखाना चालवतो, स्वस्त कागद कसा करता येईल यावर खपत असतो, या हुंड्यांपायी तो आधी लपतो मग तुरुंगात जातो आणि त्याचा शोध गावातले दुसरे छापखानेवाले लाटतात. स्वप्न एकाचं आणि हप्ते दुसऱ्याला. बाल्झाकला हे ऐकून माहीत नव्हतं, त्याचा स्वतःचा छापखाना १८२८ मध्ये बुडाला होता आणि कर्ज जन्मभर पुरलं, त्यातले बरेच पैसे आईचे होते.

अडवू नका, तो थांबणार नाही आणि थांबला तर आयुष्यभर तुम्हाला ऐकवेल. फक्त सहा महिने पुरतील एवढे पैसे त्याने स्वतःच्या पगारातून बाजूला काढलेत का ते विचारा. आणि त्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही करायला जावईबापूंना सांगू नका, ते बिचारे नाही म्हणणार नाहीत.