गोदामातला माल आणि मालमत्ता कर

प्रश्न : म्हापशाच्या गोडाऊनमधून काजू नि कोकम ऑनलाइन विकतो. काही माल टेक्सासमधल्या भाड्याच्या गोदामात असतो. साठ्यावर मालमत्ता कर लागतो का? माफी मिळते का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : म्हापशात चिंता नको. घरपट्टी इमारतीवर बसते, आतल्या पोत्यांवर नाही.

टेक्सासची गोष्ट वेगळी. तिथे १ जानेवारीला फळीवर जेवढा माल, तेवढ्यावर कर. गोदाम दुसऱ्याचं असलं तरी. २०२६ पासून १,२५,००० डॉलरपर्यंतचा व्यावसायिक माल करमुक्त आहे, म्हणजे लहान विक्रेते बहुधा तिथेच सुटतात. त्यापुढच्या साठ्यासाठी ‘फ्रीपोर्ट’ सवलत : आल्यापासून १७५ दिवसांत राज्याबाहेर गेलेला माल वगळतात. हिशेब गेल्या वर्षीच्या विक्रीवरून होतो. विकलेल्या मालाची खरेदी किंमत ४ लाख डॉलर, त्यातला २.८ लाखांचा मुदतीत बाहेर गेला, तर ७० टक्के. यंदा १ जानेवारीचा साठा ३ लाखांचा असेल, तर २.१ लाख माफ.

मात्र स्थानिक करसंस्थांनी ही सवलत स्वीकारलेली हवी. काउंटीने (तिथल्या जिल्हा प्रशासनाने) दिली तरी शाळा-जिल्हा (शाळांसाठी वेगळा कर घेणारी स्थानिक संस्था) देईलच असं नाही, आणि मोठा कर शाळेचाच. गोदाम ठरवण्याआधी हे विचारा.

साठ्याचं विवरण एरवी १५ एप्रिलपर्यंत, पण फ्रीपोर्ट देणाऱ्या भागात १ एप्रिलपर्यंत; सवलतीचा अर्ज ३० एप्रिलपर्यंत, तोही दरवर्षी नव्याने. बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते आवकीच्या तारखेपाशी : एकाच खोक्यात जुना-नवा लॉट मिसळला की १७५ दिवस सिद्ध करता येत नाहीत. खोक्यावर लॉट क्रमांक नि आवक तारीख चिकटवा.